पुरवून वापरलेलं वाण

काचेच्या ताटलीत काल तेल सोडलं होतं, तरी आज तिच्यावर जंतूंची साय धरलेली होतीच. मिरजेच्या इस्पितळातल्या सुगंधशाळेत डॉ. अन्विता काणेकरनं ताटली उजेडाला धरली. रानओव्याचा तिखट वास नेहमीसारखाच दरवळत होता. मरायला हवं ते मात्र जिवंत होतं.

“पुन्हा लावून बघू या?”

“किती वेळा लावशील, बाई?” सहकारी डॉ. इरफान मुजावर म्हणाला. “ओवा तोच, भट्टी तीच. जंतू बदललाय.”

जंतू अन्विताच्या आईच्या छातीतला होता. प्रतिजैविकांनी हात टेकले तेव्हा याच तेलानं माणसं तारली होती. त्याचं तैलधुकं नळीतून फुप्फुसात सोडायचं. तेल जंतूची भिंत विरघळवायचं आणि जंतू फुटून जायचा.

“आता काय केलंय मेल्यानं?”

“भिंतीत मोट बसवलीय. तेल आत शिरलं रे शिरलं, की उपसून बाहेर.”

“मग धुकं दाट करू.”

“जंतूच्या आधी काकूंचं फुप्फुस जळेल.” इरफानचा आवाज खाली आला. “आणि अशी मोट एकाएकी बसत नाही, अन्विता. पुरती मात्रा मिळाली तर सगळे मरतात, शिकायला मागं कुणी उरत नाही. किंचित किंचित मिळालं तर दुबळे मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढं त्यांचीच पिलावळ. कुणीतरी याला वर्षानुवर्षं थेंबाथेंबानं पाजलंय. पण आपलं तेल इस्पितळाबाहेर जातंच कुठं?”

अन्विता विलगीकरणाच्या काचखोलीकडे गेली. आत तिची आई, सिंधूताई, उशांना टेकून बसल्या होत्या.

“काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड?” ध्वनिजाळीतून त्यांचा धापता आवाज आला. “तुझ्या तेलाचा वास झकास येतोय हो. छातीच तेवढी ऐकेना.” मग दम खात, तुटक तुटक, त्या स्वतःशीच गुणगुणू लागल्या:

“वाण लुटीते सई ग, ओंजळ भरभरून,
सुवास का राहतो बाई, मुठीत धरून...”

तेवढ्यात जिन्यावर बांगड्या वाजल्या. गल्लीतल्या बायका आल्या होत्या. पुढं शेजारच्या शेवंतामावशी. त्यांनी पदराची गाठ सोडून इवलीशी बाटली काढली.

“सिंधूनं संक्रांतीला लुटलेलं वाण. आठवतं ना? नवं नवं औषध निघालं तेव्हा तूच कौतुकानं भरून दिलंवतंस. हेच तेल तिला लागतंय म्हणे. कमी नको पडायला.”

बाटली अर्धी होती.

“मावशी... इतक्या वर्षांनी अजून उरलंय?”

“मग! वाणाची वस्तू, उधळायची का? फरशी पुसताना बादलीत एक थेंब, बाळाच्या धुरीत एक, खोकला झाला तर उशीवर एक. विचार यांना, घरोघरी हेच. पुरवून पुरवून वापरलं, बाई.”

बाकीच्या बायकांनीही गाठी सोडल्या. कुणाची अर्धी, कुणाची पाऊण. मागून आलेल्या इरफाननं बाटल्यांकडे पाहिलं, अन्विताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“घे ना,” मावशींनी तिच्या कपाळी कुंकू टेकवलं. “वाणाला नाही म्हणू नये.”

अन्विताच्या हातांनी पांढऱ्या कोटाचा घोळ आपोआप पुढं धरला. बाटल्या एकमेकींवर किणकिणत पडत राहिल्या.

काचेपलीकडे सिंधूताईंचे डोळे भरून आले. जमेल तितका खोल श्वास त्यांनी आत ओढला.

“बघितलंस, अनू? लुटलेलं असं फिरून आपल्याच घरी येतं.”