बर्फावरचे निळे डाग

त्या शेवटच्या साध्या संध्याकाळी बदलापूरला, बेलवलीच्या घरात, स्कीइंगला जायचे बेत चालले होते. भाकऱ्या थापता थापता यशोधराची आई, शालन, सगळ्यांना बजावत होती, की तिथे पहिले दोन दिवस अर्धाच वेळ शिकायचं आणि दुपारी पडून राहायचं.

"मावशी, पडून राहायला मी इथेच राहिलो असतो की," यशोधराचा मावसभाऊ हेमंत म्हणाला. आई हसली.

पहाटे ती झोपेतच गेली.

वर्षभराने, २००६च्या जानेवारीत, यशोधराचे बाबा महेंद्र तिला, हेमंतला आणि शेजारच्या प्रीतीला घेऊन मनालीजवळच्या सोलंगला आले. शालनने ठरवलेलं झालंच पाहिजे, एवढंच ते म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी मुलांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. घसरत खाली यायला मजा वाटायची, पण स्की खांद्यावर घेऊन पुन्हा वर चढताना जीव निघायचा. जरा कुणी टेकलं की बाबा ओरडायचे, "बसायला आलात का इथे? उठा!"

बाबांचा उल्हासनगरला, कॅम्प तीन या भागात, जीन्स शिवायचा छोटा कारखाना होता. भाड्याची बर्फातली पँट नाकारून त्यांनी आपल्याच कारखान्यातली कोरी, न धुतलेली जीन्स चढवली होती.

दुपारी प्रीतीला देवदारांमागे बर्फावर एक निळा डाग दिसला. थोडं वर दुसरा. त्याच्याही वर आणखी एक. कुणाची तरी शाई गळतेय, असा हेमंतने तर्क लढवला.

"येडा आहेस का? शाई एवढी रुंद गळते?" प्रीती म्हणाली. "कुणीतरी बूड टेकलंय."

यशोधराने बोट लावून पाहिलं. कारखान्यात ओल्या कापडाला हात लागला की बोट असंच निळं व्हायचं.

तिघं डागांमागून चढत गेली. झाडांच्या पलीकडे बाबा बसले होते. जीन्स भिजून जड झालेली, ओठ पांढरे, एक हात छातीशी. मुलं खोडाआडच थांबली. बाबांनी तोंडावर बर्फ चोळला, उठले आणि ताठ मानेने निघाले.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, उद्या सगळ्यात वरचा उतार. आई गेली होती. आता बाबांना यशोधरा असं चढू देणार नव्हती.

"सांगून काका ऐकणार नाहीत," बाबा झोपल्यावर हेमंत म्हणाला. "पण आपणच आडवे झालो तर?"

सकाळी पहिल्याच चढावर हेमंतने दुखतोय म्हणत आपला पाय धरला. मग प्रीतीने. मग यशोधरा सरळ बर्फात बसली. बाबा ओरडायला गेले, पण त्यांना श्वासच पुरेना. स्कीइंग शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना चहाच्या टपरीवर नेलं. तिथे बाबांच्या देखतच त्याला मुलांनी सगळं सांगितलं. वेळेवर थांबणारी अशी पोरं क्वचित येतात, असं तो बाबांना म्हणाला.

बाबा चिडले नाहीत. त्यांनी घोंगडीत पाय गुंडाळून घेतले.

"थांबलो की तुझी आई दिसते," ते म्हणाले.

यशोधराने चहाचा ग्लास खाली ठेवला. वर्षभर घरात तिने जे एकदाही म्हटलं नव्हतं, ते आता तोंडून निघालं.

"मला आई हवीय, बाबा," ती म्हणाली. "आणि मी खूप दमलेय."