लक्ष्मम्माचं इष्टलिंग

दुपारचं जेवण झालं की सासूबाईंना वऱ्हांड्याच्या टोकाच्या खिडकीपर्यंत चालवून आणायचं, एवढंच काम महानंदाकडे होतं. अंगावरची हळद उतरते न उतरते तोच नांदेडच्या दवाखान्यात मुक्काम पडलेला. लग्नानंतर कुठं फिरून आलात, असं कुणी विचारलंच तर सांगायला हृदयविभाग होता. सासूबाईंच्या, म्हणजे गुरम्मांच्या, हृदयातली झडप बदलली होती. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, दम लागला की थांबायचं, एवढं व्यायामाच्या मॅडमनी पढवून ठेवलं होतं.

नळ कोरडे होते. खालच्या टँकरवरची भांडणं वर ऐकू येत. नवा जिल्हा उदगीरचा करायचा की अहमदपूरचा, यावरून वॉर्डाच्या दारात दोन म्हातारे हमरीतुमरीवर आलेले.

"जिल्हा कुठलाबी करा, आधी घागर भरून द्या," गुरम्मा म्हणाल्या आणि उशी धरून उठल्या.

वऱ्हांड्यात चिटपाखरू नव्हतं. वीज गेलेली, पंखे थांबलेले. स्पिरिटचा वास, आणि चपलांची फरफर तेवढी. अर्ध्या वाटेत गुरम्मा एकदम कडेला सरकल्या.

"जरा जागा दे गं. ती येऊन राहिली."

"कोण, आत्या?"

"लक्ष्मम्मा."

शेजारच्या खाटेवरच्या, शिरूर अनंतपाळच्या लक्ष्मम्मा ऑपरेशननंतर वारल्या होत्या. गुरम्मांना धक्का बसू नये म्हणून, त्या बऱ्या होऊन घरी गेल्या, असं तिनंच सांगितलं होतं.

"त्या घरी गेल्या की..."

"मग माझ्या मागं मागं कशाला फिरती? म्हणती, माझं लिंग दे."

महानंदाला ऑपरेशनची सकाळ आठवली. गळ्यातलं इष्टलिंग उतरवायला कुठली लिंगायत बाई सहजी तयार होते? नर्सनं विनवून विनवून दोघींची काढून घेतली. लक्ष्मम्मांची सून पाणी भरायला गेलेली, म्हणून दोन्ही महानंदाच्याच पदरात आली. सारखीच पांढरी वस्त्रं, सारख्याच गाठी. नंतर एक तिनं त्या सुनेला दिलं, एक सासूच्या गळ्यात बांधलं. लक्ष्मम्मांना त्यांच्या शेतात रीतीप्रमाणे बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून माती दिली.

कुणाचं लिंग?

गुरम्मांनी गाठ सोडली. हाताला सुया असल्यानं इतके दिवस पूजा राहिली होती. लिंग तळहातावर घेऊन त्या नुसत्या बघत राहिल्या.

"हे माझं न्हाई... लहानपणापासून रोज हातावर घेतलंय. तळहाताला कळतंय की." मग दम खाऊन, अगदी हळू, "माझं मातीत हाय का, पोरी?"

वऱ्हांड्यात ओल्या काळ्या मातीचा वास भरला होता. साऱ्या मुलखात थेंब नव्हता.

जिन्यावरून व्यायामाच्या मॅडम आल्या. आजच्या वेगळ्या होत्या, नवीन रुजू झालेल्या.

"छान चालताय आजी!" मग भिंतीच्या बुडाशी बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "पण या दुसऱ्या आजींना मांडी घालून खाली कशाला बसवलं? टाके ओढतील ना."

तिथं कुणी नव्हतं.

"हात पसरून मागताहेत काहीतरी. त्यांचं असेल तर देऊन टाका."

ज्याचं त्याला दिलं की सुटल्या आत्या, असं म्हणत महानंदानं सासूच्या हातातून लिंग घेतलं, वाकून भिंतीशी धरलं आणि डोळे मिटून सोडलं. फरशीवर पडल्याचा आवाज झाला नाही.

गुरम्मांनी रिकामा तळहात पुढं केला.

"आन् माझं?"

मॅडम खाली वाकल्या, कान दिला आणि हसल्या. "तुमचं घरी जपून ठेवलंय म्हणतात. सोबत चला, घ्यायला."

गुरम्मांनी छातीशी धरलेली उशी सुनेच्या हातात दिली आणि आधार न घेता जिन्याकडे चालू लागल्या. दम लागत नव्हता.

"आत्या..."

महानंदानं उशी टाकून त्यांचं मनगट धरलं, मागं ओढलं.

पलीकडूनही कुणीतरी ओढलं.