मेजरचा राउंड

शेकोटीत अजून एक लाकूड सारा आणि जवळ सरकून बसा. ही गोष्ट कुठून उडत आलेली नाही. आपल्या एकलहऱ्याच्या संघर्ष पगारेची आहे. तुमच्यातल्या दोघातिघांनी त्याला पाहिलंय. भुताखेताचं नाव काढलं की उठून जाणारा माणूस. बापाने घरात कधी लिंबूमिरची टांगू दिली नाही की अमावस्या पाळू दिली नाही, त्यातच वाढलेला.

बाप म्हणजे भिकन पगारे. फौजेत हवालदार होते, पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. सगळी वस्ती त्यांना मेजर म्हणायची. पेन्शनीत आले, वीज केंद्राच्या गेटवर पहारेकऱ्याची नोकरी धरली, दोन खोल्या बांधल्या, पोरांना शिकवलं. विहाराच्या मागे अभ्यासिका काढली, भरतीला जाणाऱ्या पोरांना पहाटे उठवून पळवलं. पुढे बायकोला, लताबाईंना, पक्षाघात झाला. डावं अंग गेलं, बोलणंही गेलं. तेव्हापासून तिचं खाणंपिणं, अंघोळ, केस विंचरणं, सगळं मेजर आपल्या फावड्याएवढ्या हातांनी स्वतः करायचे. सुनेने हात पुढे केला तर म्हणायचे, "संजना, तू पोरांचं बघ. ही माझी ड्यूटी."

आणि संध्याकाळी राउंड. वस्तीत एक म्हातारा एकटाच मरून पडला होता, वास आला तेव्हा लोकांना कळलं. मेजरनी तेव्हा विहारात उभं राहून सांगितलं की आपल्या वस्तीत हे परत होणार नाही. तेव्हापासून जी जी म्हातारी माणसं एकटी राहत, त्यांच्याकडे रोज फेरी. गोळी घेतली का, पाणी भरलं का, दिवा लागतो का. प्रत्येकाच्या दाराला भोक पाडून आतल्या कडीला दोरी बांधली होती. आत कोणी पडलं तर बाहेरून ओढून दार उघडता यावं म्हणून.

असा माणूस एके दुपारी दवाखान्यातून लताबाईंची औषधं घेऊन येताना रस्त्याच्या कडेला बसला आणि उठलाच नाही.

संघर्षने सगळं केलं. स्मशानाची पावती केली, अग्नी दिला, विहाराच्या भंतेजींना फोन केले. पण डोळ्यांत पाणी आलं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, मग आपलाच गाल आपल्याला परका होतो... तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. लोक मिठी मारून रडायचे आणि हा त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहायचा.

गेल्या वर्षीचा जानेवारी. सतरा तारीख, शुक्रवारची रात्र. दुसऱ्या दिवशी विहारात मेजरच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन होतं. संजना पोरांना घेऊन बायकांबरोबर तिकडे तयारीला गेलेली. संघर्षला आठवलं की राउंडमधल्या म्हाताऱ्यांना सांगायचं राहिलंय. त्यांना न्यायला सकाळी रिक्षा येणार होती. आई जेवून झोपली होती. त्याने बाहेरून कडीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि निघाला. थंडी चांगली होती. चंद्र अजून वर आला नव्हता. वीज केंद्राच्या चिमणीवरचे लाल दिवे तेवढे लुकलुकत होते.

पहिलं घर लंकाबाईंचं. त्यांना दिसत नाही, काळीजही नाजूक, म्हणून मेजर गेल्याचं कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. गावाला गेलेत म्हणून थाप मारली होती. आज ते खरं सांगायचं काम संघर्षवर होतं. शब्द जुळवत तो उंबऱ्यावर बसला, तर म्हातारीच म्हणाली, "उद्याचं ना? कळलं मला. रिक्षा येनार हाय."

संघर्षने विचारलं, कोणी सांगितलं?

"तुझ्या बापानं. आत्ता दिवेलागणीला येऊन गेला. आवाज लय बसलाय रे त्याचा. त्याला काढा दे करून."

संघर्ष 'बरं' म्हणाला आणि उठला. खरं सांगायचं तसंच राहिलं. कोणीतरी शेजारचं येऊन गेलं असेल, म्हातारीला आवाज कळला नसेल, असं त्याने मनाशी धरलं. भीती वाटली नाही त्याला. काहीच वाटलं नाही.

दुसरं घर गोरक्षबाबांचं. हे जुने ट्रकड्रायव्हर, नजर शाबूत, डोकं शाबूत. मेजरच्या तिरडीला यांनी खांदा दिलेला. संघर्षने दार वाजवलं. परत वाजवलं. मग कडी सरकली. म्हाताऱ्याने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तू मगाशी आला होतास का?"

संघर्ष नाही म्हणाला.

गोरक्षबाबा खाटेवर बसले. मग हळूच म्हणाले, "पडलो होतो. दोरी ओढल्याचा आवाज आला. कोणीतरी आत आलं. माठाचं झाकण वाजलं... पानी भरल्याचा आवाज."

"मग?"

"मी डोळे उघडले नाय."

"का, बाबा?"

म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मी खांदा दिलाय रे त्याला..."

कोपऱ्यात माठ होता. संघर्षने जाऊन झाकण उचललं. काठोकाठ भरलेला. त्याने झाकण परत ठेवलं. सकाळी रिक्षा येईल म्हणून सांगितलं आणि बाहेर पडला. चालता चालता त्याच्या ध्यानात आलं की तो पाय न वाजवता चालतोय. कोणीतरी पुढे आहे आणि त्याला ऐकू जाऊ नये, असं.

गल्लीचे दिवे गेलेले. तिसरं घर मल्हारीबाबांचं, विहिरीच्या वळणावर. म्हाताऱ्याला विसर पडायचा. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. एवढ्या थंडीत ते घोंगडी घेऊन ओट्यावर बसलेले.

"बाबा, आत चला. गारठा आहे."

"जातो ना. मेजरला सोडायला आलो बाहेर."

संघर्षने गल्लीत पुढेमागे पाहिलं.

"आत्ताच वळले तिकडं." म्हाताऱ्याने हात केला. तो हात संघर्षच्या घराच्या दिशेला होता. "म्हटलं च्या घ्या. तर म्हने नको, उशीर झाला. शेवटचं घर राह्यलंय."

"कोणाचं घर?"

"...लताचं."

कुत्रीसुद्धा गप्प होती त्या रात्री.

एवढे दिवस ज्या माणसाला काही वाटलं नव्हतं, त्याला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. आई. आई एकटी आहे. आणि ज्याने तिला एक दिवस कधी एकटं सोडलं नाही... तो तिच्याकडे निघालाय.

तो पळाला.

वळण. विहार. विहारातल्या बायकांचा आवाज. तो थांबला नाही.

घर. दारात काळोख.

कुलूप जागेवर होतं.

किल्ली लागेना. दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा लागली. दार ढकललं. आतून थंड हवा नाही आली. ऊबदार हवा आली... माणूस बसून उठलेल्या खोलीसारखी.

"आई."

...

"आई."

त्याने दिवा लावला. खोलीत कोणी नव्हतं. लताबाई उताण्या झोपलेल्या. तो वाकला. तोंडाजवळ कान नेला. काही नाही... काही नाही... मग श्वास. लांब, शांत. घोरणंसुद्धा. कितीतरी महिन्यांत ती अशी झोपली नव्हती.

खाटेला टेकून तो खाली बसला. आणि तेव्हा त्याला गोधडीवरचा तिचा हात दिसला.

पक्षाघात झाला त्या दिवसापासून लताबाईंची डावी मूठ मिटलेली होती. घट्ट, दगडासारखी. व्यायाम करून घेणारा पोरगा यायचा, त्याने एक बोट उचललं तरी ती विव्हळायची. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून आत कापडाची घडी ठेवावी लागे.

ती मूठ उघडी होती. तळवा वर. बोटं सरळ नव्हती, अर्धवट वळलेली... काहीतरी धरून ठेवल्यासारखी. आत काही नव्हतं; कापडाची घडी गोधडीवर पडलेली.

दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदन झालं. पहाटे संघर्षने लंकाबाईंना खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग काल..." आणि पदर तोंडात धरला. विहारात संघर्षला बोलायला उभं केलं. तो फोटोकडे बघत राहिला आणि खाली बसला. बाप गेल्याचं दुःख आहे, असं लोकांना वाटलं. राउंड आता तोच मारतो.

लताबाई आहेत अजून. मूठ परत मिटली नाही. डॉक्टर म्हणाले, नसांचा खेळ आहे, होतं असं कधी कधी. असेलही. आपण कोण सांगणारे.

पण त्या रात्री, संजना यायच्या आधी, संघर्षने आपला हात आईच्या त्या वळलेल्या बोटांत हळूच ठेवून पाहिला होता.

त्याचा हात त्यात सहज मावला. आणि चहूबाजूंनी जागा उरली.