बहात्तर तारखेचं लग्न

तरन्नुम खरं तर फक्त झेरॉक्स काढायला त्या दुकानात शिरली होती. बीडच्या स्टँडमागचं ते पत्रिका छापायचं दुकान, आणि कॉम्प्युटरसमोर ख्वाजा. बहिणीच्या, शहजादीच्या लग्नाची उर्दू पत्रिका कुठं छापून मिळेल, असं तिने सहज विचारलं... आणि तिच्याकडे बघत त्याने छातीठोकपणे सांगितलं, "इथंच की."

मेल्याला उर्दू वाचताच येत नाही, हे नंतर कळलं. शिकलेला मराठी शाळेत, आणि दुकानातलं जुनं सॉफ्टवेअर फक्त डावीकडून लिहिणारं, उर्दू तर उजवीकडून लिहायची. मग या शहाण्याने काय करावं? तिच्या कागदावर बघून अख्खा मजकूर शेवटच्या अक्षरापासून उलटा टाईप केला. प्रूफ हातात आलं तर ओळींचीच उलथापालथ — आधी जेवण, मग निकाह, आणि नवरीचं नाव पार तळाशी. तरन्नुम उर्दू शाळेतली मास्तरीण, तिचं डोकंच फिरलं.

"ही पत्रिका काय खालून वर वाचायची?"

"सांभाळून घ्या ना, मॅडम... उद्या या."

ती आली. ओळी जागेवर होत्या, पण अक्षरांसारखे त्याने आकडेही उलटे टाकले होते. अक्षरं उजवीकडून, तरी आकडे डावीकडूनच, हे त्याला कोण सांगणार? सत्तावीस तारखेचं लग्न बहात्तर तारखेला गेलं. अब्बा भडकले. परवापर्यंत जमलं नाही तर अंबाजोगाईला छापतो, म्हणाले. आणि तरन्नुमनेच त्याची बाजू घेतली. का घेतली? स्वतःचाच तिला भयंकर राग आला.

तिसऱ्या दिवशी ख्वाजाचे डोळे लालभडक होते. "नवीन सॉफ्टवेअर टाकलं. बघा, कर्सर उजवीकडून निघतो, आकडेबी सरळ ऱ्हातेत. लई डोकं खाल्लं पण." त्याने प्रूफ आणि पेन पुढे केलं. बोटांना बोटं लागली... कुणीच हात मागे घेतला नाही.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. शोधूनही चूक सापडेना — आणि आनंद व्हायचा सोडून तिला रडूच यायला लागलं.

"काय चुकलंय का?"

"न्हाई."

"मग करा की सही. छपाईचं मशीन थांबलंय."

"करत न्हाई."

"आता कावून?" तो पार रडकुंडीला आला.

"सही केली की काम संपलं. उद्यापासून मी इथं काय सांगून येऊ?" ती वैतागून बोलून गेली... आणि कानापर्यंत लाल झाली.

ख्वाजा खुर्चीतून उठला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी नका येऊ. उद्या माझी अम्मी येईल तुमच्या घरी — रिश्ता घेऊन. चालंल?"

तरन्नुमने पेन ओढलं, सही ठोकली.

"चालंल. पण आपल्या पत्रिकेचं टायपिंग मी करणार. तुमी कीबोर्डला हात लावायचा न्हाई."