तोंड बांधलेली गाडी

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. मी त्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल थाप समजावी. फक्त हसू नका, कारण हे ज्याच्यावर बेतलं तो माझा सख्खा भाऊ आहे.

दिवस उन्हाळ्याचे. वेळ टळटळीत दुपारची. भुतं रात्रीच निघतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तो माणूस आमच्या डोंगराच्या रस्त्याने गेलेला नाही.

मी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. जे काचेखाली दिसत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. बसत नव्हता, असं म्हणते.

वहिनीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसाआड तिला डायलिसिसला न्यावं लागे आणि ते हॉस्पिटल डोंगराच्या पलीकडे. एक फेरी चुकली की तिच्या छातीत पाणी साठायचं आणि धाप लागायची. बस त्या वेळेला नाही. अँब्युलन्स बोलावली तर येते, पण कधी येईल ते तिच्या मर्जीवर. म्हणून दादाने एक जुनी गाडी घेतली.

गाडी दिसायला देखणी. सपाटीवर पळायचीही छान. पण चढ लागला की इंजिन तापून काटा लाल रेघेला भिडायचा आणि बॉनेटमधून वाफ यायची. मग गाडी कडेला घ्या, बॉनेट उघडा, ती थंड व्हायची वाट बघा... आणि मागे वहिनी श्वासासाठी तडफडतेय.

दादा तिला एकच सांगायचा, "दम धर. पोचतोच आपण."

वहिनी आजारी होती, पण जीभ शाबूत होती. दम तुमच्या गाडीला नाही आणि धरायचा मात्र मी, असं ती ऐकवायची. मग आम्ही तिघंही हसायचो. हसण्याशिवाय आमच्या हातात दुसरं होतं काय?

गॅरेजवाल्याने सगळं करून पाहिलं. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला. फरक शून्य. शेवटी तो गाडीसमोर जमिनीवर आडवा झाला आणि त्याने बंपरखालून हात घातला.

बंपरला हवा जाण्यासाठी खाली जाळ्या होत्या. बाहेरून उघड्या दिसायच्या. पण त्यांच्या मागे कुणीतरी पत्रा ठोकला होता. एकावर एक दोन थर, मध्ये रबर, वरून रिवेट. केसाएवढी फट नव्हती.

"हिचं तोंड बांधलंय कुणीतरी," तो म्हणाला. "इतकी मेहनत उगाच कुणी करत नाही. आधी मूळ मालकाला विचारा."

मूळ मालक कोण ते आम्हाला माहीत नव्हतं. ज्या एजंटने गाडी विकली, त्याने फोन उचलणं बंद केलं होतं. आणि विचारपूस करत बसायला दादाकडे वेळ कुठे होता? परवा पुन्हा चढ चढायचा होता.

दादाचा धंदा एसीच्या डक्टचा. मोठमोठ्या हॉलमधून गार हवा नेणारी पत्र्याची नळकांडी तो बनवतो. सगळं आयुष्य हवेला वाट करून देण्यात गेलेलं. काही कोंडलेलं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात.

त्याने ग्राइंडर लावून रिवेट उडवले. पत्रे काढले. जाळ्यांची भोकं मोठी केली. जाळीपासून रेडिएटरपर्यंत पत्र्याचं नरसाळं बसवलं आणि हवा बाजूने निसटू नये म्हणून कडेने फोम चिकटवला. काम असं नेटकं झालं की गॅरेजवाल्याने फोटो काढून घेतला.

डक्ट बसवला की ही माणसं जाळीसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरतात. हवा आत ओढली जात असेल तर पट्टी जाळीला चिकटते. दादाने सवयीने खिशातून पट्टी काढली आणि बंपरसमोर धरली...

पट्टी चिकटली.

वारा नव्हता. इंजिन बंद होतं. चावी घरात खुंटीला होती.

पट्टी सुटली. खाली लोंबली.

पुन्हा चिकटली...

दादा म्हणाला, गरम आणि गार हवेचा खेळ असतो. मी मान हलवली. मला ते पटायलाच हवं होतं.

पुढच्या फेरीला चढ लागला आणि काटा मधोमध राहिला. जरा म्हणून हलला नाही. दादाने स्टिअरिंगवर थाप मारली आणि मग बाहीने डोळे पुसले. वहिनी म्हणाली, "आली एकदाची अक्कल तुमच्या गाडीला."

वरच्या वळणावर थांबलो तेव्हा मी उतरले आणि सहज बॉनेटला हात लावला. भर दुपारी, एवढा चढ चढून आलेल्या गाडीचं बॉनेट...

गार होतं. फ्रीजच्या दारासारखं गार.

आणि मग तो आवाज आला. जाळीच्या आतून.

हुं... हुं... हुं...

कुणाला तरी धाप लागली होती.

त्या दिवशी डायलिसिसच्या सिस्टरने वहिनीच्या बोटाला मशीन लावलं आणि भुवया उंचावल्या. ऑक्सिजन कमी दाखवत होता. छातीत पाणी नव्हतं, तरीही. पुढच्या फेरीला आणखी कमी. घरी ती बरी असायची. गाडीत बसली की ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, प्रवासाची धास्ती घेतलीय त्यांनी.

वहिनीने एकदा दादा ऐकत नाही असं बघून मला विचारलं, "ताई, पुढे कुणाला धाप लागते हो?"

मी म्हटलं, इंजिनचा आवाज आहे.

"इंजिन बंद केल्यावर कसला आवाज?"

मी तिच्या पायांवरची चादर सारखी केली.

मग एके दिवशी तिने गाडीत बसायला साफ नकार दिला. दादाने समजावलं, हाता-पाया पडला, पण ती उंबरठ्यातून हलली नाही. ती फेरी चुकली. व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत छातीत पाणी भरलं आणि तिला आडवं होता येईना. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. दादाने तिला उचललं आणि गाडीत ठेवलं.

चढ लागला. काटा मधोमध. बाहेर आग ओतणारं ऊन आणि गाडीत अंगावर काटा येईल असा गारवा.

मी वहिनीच्या छातीवर हात ठेवून बसले होते. म्हणून मला कळलं.

पुढून "हुं..." असा आवाज आत ओढला जायचा. त्याच क्षणी वहिनीची छाती खाली बसायची. तिचा श्वास बाहेर जायचा, पण आत येत नव्हता.

तो जाळीत जात होता.

मी ओरडले, "दादा, थांबव!"

त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं...

धाप चालूच होती.

आणि त्या धापेत शब्द होते. पुरुषाचा आवाज. घोगरा, रडवेला.

"दम धर... दम धर... पोचतोच आपण..."

दादा मागे वळून माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

मी वहिनीच्या पायांवरची चादर ओढली, खाली उतरले आणि जाळीत कोंबायला लागले. कोंबावी लागलीच नाही. जाळीने ती माझ्या हातातून आत ओढून घेतली. धाप थांबली. मागच्या सीटवर वहिनीने एक मोठा, खोल श्वास घेतला.

आम्ही निघालो. दोन-चार वळणं गेलो असू. काटा लाल रेघेवर गेला. वाफ आली. गाडी बसली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फोनला रेंज नव्हती. डोंगराचा माथा समोर दिसत होता आणि वहिनीच्या छातीत पाणी खळखळत होतं.

दादा बंपरसमोर उभा राहिला. चादर काढली तर गाडी चालेल, पण तिचा श्वास जाईल. नाही काढली तर श्वास राहील, पण मशीनशिवाय तो किती वेळ? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, माझा भाऊ तिथे उभा होता.

काचेतून वहिनी त्याला बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. सगळं तिला कळलं होतं.

"काढा ते," ती म्हणाली. "मी धरते दम."

त्याने चादर ओढून काढली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दादाने ती कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. माथा गेला, उतार आला. वहिनीने माझा हात असा आवळला होता की बोटं बधिर झाली. ओठ घट्ट मिटलेले. डोळे दादाच्या पाठीवर.

हॉस्पिटलचं फाटक दिसलं आणि तिची पकड सैल झाली.

त्याच क्षणी पुढची धापही थांबली.

गाडी आता घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. दादा ती चालवत नाही आणि विकतही नाही. गॅरेजवाला आपणहून आला होता, पत्रे पुन्हा ठोकून देतो म्हणाला. दादाने त्याला हाकलून दिलं. इतक्या शांत स्वभावाचा माझा दादा, त्या माणसाच्या अंगावर धावून गेला.

म्हणून एका दुपारी जाळी बुजवायला मीच शेडमध्ये गेले. दादा गाडीसमोर जमिनीवर बसला होता. कान जाळीपाशी.

मलाही ऐकू आलं...

आता आत दोन धापा होत्या.

एक तीच अनोळखी, घोगरी, पुरुषाची. दुसरी मात्र... वहिनीला धाप लागली की श्वास सोडताना शेवटी ती अगदी बारीक "आई" म्हणायची. आमच्या घरात ते सगळ्यांच्या कानात बसलंय.

"बंद करू नकोस," दादा म्हणाला. "तिला कोंडल्यासारखं होईल."

अलीकडे माडीवर जाताना दादा मध्येच कठड्याला धरून उभा राहतो. वय झालं, म्हणतो. त्याला अजून चाळीस पूर्ण नाहीत. मी लॅबमधून मशीन आणून त्याच्या बोटाला लावलं. ऑक्सिजन कमी आहे. फुप्फुसं मात्र स्वच्छ.

पत्रा आणि रिवेट मी कधीच आणून ठेवलेत. दादा कामावर गेला की दुपारी शेडमध्ये जाते. बंपरसमोर गुडघे टेकते. पत्रा जाळीला लावते. आतून "आई" ऐकू येतं, आणि मी पत्रा खाली ठेवते.

आजही ठेवला.