मुकी नार

२००३ सालची दिवाळी झाली आणि सुनीलने नार नदीत होडी घातली ती एकाच हट्टाने: चार दिवसांत गुजरातच्या हद्दीपर्यंत पाण्यावरूनच जायचं! ओझरच्या कारखान्यातली ड्युटी सांभाळून त्याने दोन वर्षं अंगणात ती फायबरची होडी घडवली होती. थोरली बहीण ज्योत्स्ना वल्हं मारायला म्हणून आली होती. खरं तर त्याच्यावर लक्ष ठेवायला. त्याचं डोकं एकदा फिरलं की ताळ्यावर आणणारं दुसरं कोणी नव्हतं. तिसरा, वाट दाखवायला, सुरगाण्याकडचा झिपरू.

दोन दिवस खडकांनी होडीचं बूड सोलून काढलं. तिसऱ्या सकाळी काठावर शेंदूर फासलेला वाघदेव दिसला आणि झिपरूने वल्हं आडवं ठेवलं.

"इथं आमची शीव सरली. फुडची नदी मला ठावी नाय. तिथला माणूस घ्यायला लागंल."

पण माणूस होता कुठे? पाड्यावरच्या सगळ्या दारांना कड्या. एक कोंबडंही नाही. सगळा पाडा द्राक्षांच्या कामाला निफाडकडे गेलेला. मागे उरली होती एकटी लंकाबाई, नागली पाखडत.

"आजी, पुढे नदी कशी आहे?" सुनीलने विचारलं.

"गलका करते तवर भिऊ नका," म्हातारी म्हणाली. "मुकी झाली का उतरा. माझा घरधनी नाय उतरला."

"उलटंच सांगते," होडीत बसताना सुनील हसला. ज्योत्स्नाला हसू आलं नाही. झिपरूने वाघदेवाला हात जोडले आणि नाइलाजाने वल्हं उचललं.

दुपारपर्यंत नदी नुसती आदळत होती. मग दोन्हीकडचे कडे जवळ आले, पाणी काळं पडलं आणि खळखळ हळूहळू विरली. पाखरूसुद्धा बोलेना. ज्योत्स्नाने वल्हं थांबवलं. शेजारून सागाचं वाळकं पान निघालं आणि बघता बघता पुढे गेलं. एवढ्या शांत पाण्यात त्याला कसली घाई?

"ताई," झिपरू हळूच म्हणाला, "नदी मुकी झाली."

ज्योत्स्नाने कुणाला न विचारता होडी काठाकडे वळवली.

"काय करतेस? हद्द दोन तासांवर आहे!"

"उतर."

झिपरूने उडी मारून उंबराचं मूळ धरलं. तिने झिपरूचा हात धरला. सुनील उतरला, पण होडीचा दोर मनगटाला गुंडाळूनच! दोर ताणला. त्याचे पाय घसरले. पाणी कमरेला, मग छातीला.

"सोड!"

"दोन वर्षं, ताई!"

"मला तुला घरी न्यायचंय, होडीला नाही!" तिने मोकळ्या हाताने त्याच्या मनगटावरचा वेढा ओरबाडून काढला आणि त्याची कॉलर पकडली.

होडी वळणाआड गेली. आदळल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

खडकांवरून चढत तिघं वळणापलीकडे गेले, तेव्हा धबधब्याचा आवाज कानावर कोसळला. नदी तिथे अरुंद घळीत सरळ खाली उतरत होती, आणि कड्याने सगळी गर्जना अडवून धरली होती. तळाशी होडीचा लाल तुकडा गरगरत होता.

संध्याकाळी पाड्यावर लंकाबाईने तीन डोकी मोजली आणि पीठ मळायला घेतलं. होडीचं विचारलंच नाही.

"आजी," सुनील म्हणाला, "हद्दीपर्यंत पायवाट आहे का?"

"हाय की. डोंगरावरनं. सकाळी निघाल तर दुपारी पोचाल."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू नदीचं इचारलंस. वाटंचं कुठं इचारलंस?"

सुनील मनगटावरचा वळ चोळत राहिला. ज्योत्स्नाने आपली अर्धी भाकरी त्याच्या पुढ्यात सरकवली. उद्या चालायचं होतं.