मिस आयव्हीचं भांडं

ऐक, आणि मध्येच हसू नकोस. २००४ची गोष्ट, बर्मिंगहॅमची. शनिवारी सकाळी आईने माझ्या हातात शेजारच्या मिस आयव्हीचं भांडं दिलं आणि म्हणाली, समर, ठेवून ये. काळं, बिडाचं, माझ्या स्कूल बॅगेएवढं जड. आत रव्याचा शिरा. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

प्रॉब्लेम एवढाच, की मिस आयव्ही वारून तीन आठवडे झाले होते. कौन्सिलने घराचा गॅस तोडला होता, दारावर पत्रा ठोकला होता.

ती जमैकाची. आई-बाबा कामावर गेले की आम्हाला तीच जेवू घालायची. भोपळ्याचं सूप, त्यात बोटाएवढे डम्पलिंग्ज. नारळाच्या दुधातला राजमा-भात, त्याला ती राइस अँड पीज म्हणायची. यात मटार कुठेत विचारलं की डाव उगारायची. बाबा ‘त्यांचं जेवण’ म्हणून नाक मुरडायचे आणि मग किचनमध्ये उभ्याने पातेलं चाटूनपुसून खायचे. असा माणूस.

माझी बहीण तनू तीन वर्षांची. ती फक्त मिस आयव्हीचं कॉर्नमील पॉरिज खायची, मक्याच्या पिठाचं, जायफळ घातलेलं. मिस आयव्ही गेली आणि तनूने तोंड मिटलं. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांना तपासायला घरी येणारी नर्स, दर सोमवारी वजन करायची. म्हणाली, आणखी घटलं तर ॲडमिट.

मी भांडं तिच्या मागच्या पायरीवर ठेवून आलो. रविवारी सकाळी ते आमच्या पायरीवर होतं. कोमट. शिरा नाही, पॉरिज. सगळ्या घरात जायफळाचा वास. तनूने दोन बाउल खाल्ले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बरोबरच होतं, आदल्या महिन्यात मी बाबांच्या टूथपेस्टमध्ये मेयोनीज भरलं होतं. पण ज्याला दूध-सिरियल नीट जमत नाही, तो बिनगाठींचं पॉरिज करणार? आईने भांडं धुतलं, त्यात पोहे भरले.

महिनाभर हेच चाललं. शनिवारी आमचं जायचं, रविवारी तिचं यायचं. तनूला बाळसं आलं. फक्त शनिवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून तळाला डाव घासल्याचा आवाज यायचा. खर्र... खर्र...

मग बाबांना अक्कल सुचली. म्हणे मी सायन्सवाला माणूस, हे बंद करतो. भांडं तारेच्या घासणीने घासून लख्ख केलं.

“अहो, रिकामं नका ठेवू...” आई हळूच म्हणाली. “तिला काय वाटेल...”

बाबांनी ठेवलं. रिकामंच.

रविवारी भांडं आलं नाही. बाबा विजयी चेहऱ्याने टोस्ट खात बसले. तनू समोर बसली होती, पुढे काहीच नाही. तिने आ केला. तोंड मिटलं. गिळलं. पुन्हा आ.

“तनू... काय खातेस गं?”

“गरम आहे,” ती म्हणाली आणि हवेत फुंकर मारली.

सोमवारी वजन केलं, अर्धा किलो वाढलेलं. हेल्थ व्हिजिटर खूश. बाबा म्हणाले, बघा, संपलं की नाही एकदाचं? एवढं शिकून माणूस इतका ढ कसा राहतो, मला कळत नाही.

त्यांच्यामागे तनूने आ केला होता. ओठाच्या कोपऱ्यातून पिवळं काहीतरी ओघळलं. आईने पुसायला हात पुढे केला.

तो पोचायच्या आधीच कुणीतरी ते पुसलं होतं.